प्रज्ञाशोध पात्रता (पुणे)

शालेय स्तरावरील प्रगत अभ्यासक्रम, विशेष तुकड्या व शिष्यवृत्त्या यांसाठी विद्यार्थ्याने पूर्ण करावयाच्या अटी. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यात असल्याने आणि प्रज्ञावंतांसाठी स्वतंत्र शाळेचा प्रयोगही येथेच झाल्याने या विषयात शहराला वेगळे स्थान आहे. अटी ढोबळमानाने दोन प्रकारच्या : क्षमतेच्या (गुण, चाचणी) आणि परिस्थितीच्या (वय, इयत्ता, रहिवास, उत्पन्न). वाद झडतात ते पहिल्या प्रकारावर. अर्जाच्या छाननीत मात्र दुसराच आधी लागतो.

पात्रता तपासण्याच्या या प्रथेचे मूळ पेशव्यांच्या श्रावणमासी दक्षिणेत शोधण्याचा मोह होतो. शास्त्री-पंडितांची पारख करून दक्षिणा दिली जाई आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या हिंदू कॉलेजलाही दक्षिणा फंडाचा आधार होता. परंतु ती संपादन केलेल्या विद्येची कसोटी होती, मुलाच्या संभाव्य क्षमतेची नव्हे. त्यामुळे हा संबंध ओढून जुळवलेला वाटतो. शासकीय शिष्यवृत्ती परीक्षेचा आरंभ सर्वसाधारणपणे १९५४-५५ असा दिला जातो. ते वर्ष ग्राह्य धरल्यास मूळ योजना तत्कालीन मुंबई राज्याची ठरते.

क्षमता मापण्याच्या प्रश्नाला पुण्यात शास्त्रीय वळण लागले ते ज्ञान प्रबोधिनीमुळे. वि. वि. (आप्पा) पेंडसे यांनी १९६२ मध्ये सदाशिव पेठेत ही संस्था स्थापली. प्रशाला १९६९ मध्ये सुरू झाली. पाचवीच्या प्रवेशासाठी शालेय गुणांवर न विसंबता बुद्धिमापन चाचण्या घेण्याची पद्धत तिने रूढ केली. चाचण्यांवर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचना प्रतिमानाचा ठसा आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये एकच सामान्य बुद्धी गृहीत धरली होती. गिलफर्ड यांनी तिच्या जागी पाच प्रक्रिया, चार आशय आणि सहा फलिते यांच्या गुणाकारातून १२० स्वतंत्र क्षमता मांडल्या (पुढे हा आकडा १५० व १८० झाला). प्रक्रियांपैकी अपसारी विचार (एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे शोधणे) ही शिक्षकांना विशेष भावली. ‘विटेचे सुचतील तितके उपयोग लिहा’ या प्रश्नात उत्तरांची संख्या, विविधता व नावीन्य पाहिले जाते. या प्रतिमानावर टीकाही झाली. हॉर्न व नॅप यांनी १९७३ मध्ये दाखवले, की गिलफर्ड यांची घटक-विश्लेषणाची (चाचण्यांच्या गुणांतील परस्परसंबंधांवरून मूळ क्षमता शोधण्याची) पद्धत वापरल्यास यादृच्छिक गृहीतकांनाही तितकाच आधार मिळतो. आज बहुतेक मानसशास्त्रज्ञ सामान्य बुद्धी आणि तिच्या हाताखालील क्षमता अशी उतरंड मानतात, आणि ते मत अधिक सयुक्तिक दिसते. मात्र प्रतिमान सैद्धांतिक पातळीवर डळमळले, म्हणून त्यावर बेतलेली प्रत्येक चाचणी निवडीला निरुपयोगी ठरत नाही.

विटेच्या प्रश्नाला ठरावीक उत्तरसूची लागू पडत नाही. उत्तरे वाचूनच तपासावी लागतात. लाखो मुले बसणाऱ्या परीक्षेला हे परवडणारे नसल्याने परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा बहुपर्यायीच राहिली. चौथी व सातवीची ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला नेण्यात आली होती; २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचा निर्णय झाला. प्रथम भाषा व गणित असा पहिला पेपर, तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी असा दुसरा; प्रत्येकी १५० गुण आणि प्रत्येक पेपरात किमान ४० टक्क्यांची अट. आठवीच्या काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत आणि दोन्ही नोंदवले तरच गुण मिळत. पालक धास्तावत ते याच प्रश्नांना.

‘एनटीएस’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ मध्ये दिल्लीत केवळ दहा शिष्यवृत्त्यांनी सुरू झाली. तेव्हा ती फक्त विज्ञानापुरती होती. १९७६ नंतर तिच्यात सामाजिक शास्त्रे आली. महाराष्ट्रातील तिचा पहिला टप्पा पुण्याची परीक्षा परिषदच घेत असे. २०२१ पासून ही योजना स्थगित आहे.

परिस्थितीच्या अटी अधिक काटेकोर असतात. आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीस (एनएमएमएस) पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची वा अनुदानित शाळा ही अट आहे; विनाअनुदानित शाळेतील गरीब मूल येथे बाहेरच राहते. पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप येथे आहे. त्याच्या सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असून त्यासाठी तिसरी ते पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत काढलेली असावी लागतात.

अकरावीला ‘बायफोकल’ विषयाची (संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स इत्यादी) पात्रता प्रामुख्याने दहावीच्या गुणांवर ठरते. २०० गुणांचा हा विषय दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय यांची जागा घेतो, म्हणून अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांची त्यावर झुंबड असते. दहावीचे गुण मोजायचे कसे, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. राज्य मंडळाच्या सहापैकी उत्तम पाच विषय धरण्याचे ‘बेस्ट फाइव्ह’ धोरण मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१० मध्ये रद्द केले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा लागू केले.

आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांत मुळशी तालुक्यातील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज (स्थापना १९९७) उल्लेखनीय आहे. तेथील दोन वर्षांच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमासाठी मुख्यतः सोळा ते अठरा वयोगटातील विद्यार्थी असतात आणि निवड त्या-त्या देशाच्या राष्ट्रीय समितीमार्फत होते.