साथ आली तरी कळा थांबत नाहीत

ताप, पोटात दुखणं, उलट्या, गळून जाणं आणि कारण कळत नसलेला रक्तस्राव. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाचा संशयित रुग्ण ओळखण्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातात जी यादी होती, त्यातली ही ठळक लक्षणं. हीच यादी लेबर रूममध्ये काही वर्षं काढलेल्या कुठल्याही सिस्टरला वाचून दाखवा. ती म्हणेल, अशा बाया तर माझ्याकडे एरवीही येतात. गर्भ पडत असेल तर पोटात दुखतं, अंगावरून जातं. वार वेळेआधी सुटली तरी तेच. ताप मलेरियाचा असू शकतो, आणि सिएरा लिओनसारख्या देशात मलेरिया बारमाही. थोडक्यात, अडलेली बाई आणि इबोलाची रुग्ण दारात उभ्या असताना सारख्याच दिसतात.

रक्त तपासल्याशिवाय खरं काय ते कळत नाही. साथ भरात असताना नमुना प्रयोगशाळेत जाऊन निकाल हाती यायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागायचा. बाळंतपणानंतर जोरात रक्त जायला लागलं तर बाई दोन तासांतही दगावू शकते. या दोन वेळांच्या मध्ये सुईण, म्हणजे बाळंतपण करणारी सिस्टर, उभी असते. हात लावला तर आपल्या जिवावर बेतेल, नाही लावला तर समोरची जाईल, आणि ठरवायला मिनिटं असतात. अशा साथीला ती तयार आहे का, हा खरा प्रश्न.

इबोला हवेतून पसरत नाही. आजारी माणसाचं रक्त, उलटी, घाम, शरीरातला कुठलाही द्रव दुसऱ्याच्या जखमेला, डोळ्यांना किंवा तोंडाला लागला की तो पसरतो. ऐकताना दिलासा वाटतो, पण बाळंतपण म्हणजे याच सगळ्याचा पूर असतो. पाणमोट फुटली की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाहू शकतं. सगळं सुरळीत झालं तरी पाव ते अर्धा लिटर रक्त जातं. वार अडकली तर हात कोपरापर्यंत आत घालून ती काढावी लागते. एवढ्या जवळून, एवढा वेळ, एवढ्या ओलाव्यात होणारं दुसरं काम आरोग्यसेवेत क्वचितच असेल.

म्हणूनच या साथीच्या अगदी पहिल्या पानावर सुईण भेटते. गिनीतल्या मेलिआंडू गावात डिसेंबर २०१३ मध्ये एक लहान मुलगा दगावला. पाठोपाठ त्याची बहीण, आई आणि आजी गेल्या, आणि सुरुवातीच्या त्या मोजक्या मृतांत गावची सुईणही होती. तोवर या रोगाचं नावही तिथे कुणी ऐकलं नव्हतं. पुढे २०१६ पर्यंत साथीने २८,६००हून अधिक लोकांना गाठलं आणि ११,३००हून अधिक बळी घेतले.

सुईणीच्या कामाशी इबोलाचं नातं त्याहून जुनं आहे. १९७६ साली तेव्हाच्या झाईरमध्ये (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक), याम्बुकूच्या मिशन रुग्णालयात, हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. तिथे दररोज सकाळी नर्सना पाच सुया-सिरिंज मिळायच्या आणि दिवसभर त्याच पुन्हा पुन्हा वापरल्या जायच्या. गर्भवतींच्या तपासणीला आलेल्या बायकांना याच सुयांनी इंजेक्शनं दिली गेली. जिथे जपणूक व्हावी, तिथूनच रोग घेऊन त्या घरी गेल्या. रुग्णालयातल्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ जण मेले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, कुणी कामचुकार नव्हतं. सुया पाच होत्या आणि बायका कितीतरी जास्त. सुईणी साथीला तयार आहेत का, असं कुणी विचारलं की मला आधी या पाच सुया आठवतात.

कारण तयारीचं मोजमाप आपण बहुतेक वेळा माणसाच्या डोक्यात आणि छातीत शोधतो. तिला माहिती किती आहे, तिला भीती वाटते का, ती कामावर येईल का. हे विचारायला हवंच. पण सिएरा लिओन, लायबेरिया आणि गिनीतल्या सुईणी कामावर आल्या होत्या. लायबेरियाने या साथीत आपल्या डॉक्टर, नर्स आणि सुईणींपैकी ८ टक्के गमावले, सिएरा लिओनने जवळपास ७ टक्के. आपल्या तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं डोळ्यांसमोर आणा आणि दर बारा-चौदा सिस्टरांमागे एक वजा करा.

बायकाही दवाखान्यात यायच्या थांबल्या. दवाखान्यात इबोला मिळतो, हे याम्बुकूप्रमाणे इथेही काही अंशी खरंच होतं, त्यामुळे त्यांना अडाणी म्हणायचा हक्क कुणालाच नाही. सिएरा लिओनने २०१० मध्ये गर्भवती, बाळंतिणी आणि लहान मुलांना उपचार मोफत केले होते, तेव्हा कुठे बायका केंद्रांकडे वळू लागल्या होत्या. तो ओघ आटला. संशोधकांनी नंतर हिशेब मांडला: सेवा न मिळाल्याने किंवा न घेतल्याने साथीच्या एका वर्षात (२०१४-१५) माता, नवजात बाळं आणि मृतजन्म मिळून अगदी हात राखून धरले तरी सुमारे ३,६०० जादा मृत्यू झाले. त्या देशात खुद्द इबोलाने ३,९५६ माणसं मेली. म्हणजे जवळजवळ तेवढीच दुसरी साथ, आणि हिला विषाणूची गरजही पडली नाही.

मग तयारी दिसते कशी? पीपीई किट घालण्यापेक्षा उतरवणं अवघड, इथून सुरुवात करू. कामानंतर सूट बाहेरून रक्ताने माखलेला असतो आणि आत सुईण घामाने चिंब. त्या उकाड्यात पाऊण-एक तासाहून जास्त वेळ त्या कपड्यात काढवत नाही, आणि कळा तर बारा तासही चालू शकतात. थकलेल्या अवस्थेत ती बाहेर येते. समोर दुसरी सिस्टर उभी असते, ती एकेक पायरी मोठ्याने सांगते. हातमोज्यांवर क्लोरीनचं पाणी. आता एप्रन. पुन्हा हात धुवा. वरचे हातमोजे उलटे करून काढा, बाहेरच्या बाजूला बोट लागू देऊ नका. गॉगल डोळे मिटून, मागच्या पट्टीला धरून. पुन्हा हात. एवढ्यात कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला आणि सवयीने हात वर गेला, की संपलं. हे वाचून येत नाही. रंगीत तालीम लागते, तीही साथ नसताना, पुन्हा पुन्हा, हात आपोआप थांबेपर्यंत. आणि समोर उभं राहायला दुसरी सिस्टर लागते. ज्या उपकेंद्रात एकच सिस्टर आहे, तिथे हा नियम कागदावरच राहतो.

बाकी गोष्टी साध्या आहेत. कोपरापर्यंतचे लांब हातमोजे. नळाला पाणी. रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन उत्तम, पण ते थंड ठेवावं लागतं आणि त्यात सुई आली. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टोलच्या गोळ्यांना ना फ्रिज लागतो ना सुई. निकाल येईपर्यंत संशयित बाईला ठेवायला वेगळी खोली, आणि त्या खोलीत तिच्यासाठी काय करायचं, काय नाही, हे आधीच लिहून ठेवलेलं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच. रात्री दोन वाजता, एकट्या बाईवर, कुणाला वाचवायचं हा निर्णय टाकणं अन्याय आहे. तो निर्णय दिवसाउजेडी, चार अनुभवी लोकांनी बसून, तिच्या वतीने आधी घेतलेला असायला हवा.

आपल्याकडे करोनात याचं छोटं रूप दिसलं. इबोलाइतका तो घातक नव्हता, पण २०२०च्या टाळेबंदीत कळा सुरू झालेल्या बायकांना ‘आधी रिपोर्ट आणा’ म्हणून दारातून परत पाठवल्याच्या बातम्या आपण वाचल्या. याच्या उलट मुंबईत पालिकेचं नायर रुग्णालय करोनासाठी राखीव झालं तरी तिथला प्रसूती विभाग चालू राहिला. पॉझिटिव्ह बाईने कुठे जायचं, हे ठरलेलं होतं. पण नुसती सोय पुरत नाही: तिथल्या बाधित गर्भवती आणि बाळंतिणींमध्ये मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होतं, दुसरीत ५.७ टक्के. गर्भवतींना करोनाची लस घ्यायची मुभा मिळाली २ जुलै २०२१ला, म्हणजे दुसरी लाट ओसरत आल्यावर.

इबोलाने सुईणींना आणखी एक धडा दिला. बरी झालेली, रक्त तपासणीत निगेटिव्ह आलेली गर्भवती चालत येते, हसते, बोलते. पण तिच्या गर्भजलात आणि वारेत विषाणू आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. तिचं बाळंतपण पूर्ण किट घालूनच करावं लागतं, आणि तरीही तिला परकं वाटू न देता. ऑक्टोबर २०१५ मध्ये गिनीची राजधानी कोनाक्री इथे इबोलाग्रस्त आईच्या पोटी, स्वतः इबोला घेऊन एक मुलगी जन्माला आली. आई गेली. मुलीवर नवी औषधं वापरून बघितली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ती बरी होऊन बाहेर पडली. इबोलासह जन्मून जगलेलं, नोंदीतलं ते पहिलं बाळ.

तेव्हा इबोलाची लस चाचणीच्या टप्प्यात होती. २०१९ मध्ये तिला युरोप-अमेरिकेत मंजुरी मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये सिएरा लिओनमध्ये इबोलाचा एकही रुग्ण नव्हता, आणि त्याच महिन्यात सरकारने आघाडीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस द्यायला सुरुवात केली. एकच डोस, सुमारे २०,००० जणांसाठी.