केळकर संग्रहालयातला ‘राजा’ कोण?

पुण्यात बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. नाव वाचून अनेकांना वाटतं, कुण्या संस्थानिकाचा खजिना असणार. रिक्षावाल्यापासून पाहुण्यांपर्यंत हा समज मुरलेला. खरं म्हणजे केळकर कुठल्याही गादीचे वारस नव्हते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. ‘राजा’ हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. संग्रहालयाला नाव त्याचं आहे.

हे कळलं की आतल्या वस्तू वेगळ्या दिसू लागतात. खऱ्याखुऱ्या राजाच्या संग्रहात हिरे-माणकं शोधावीत. इथे अडकित्ते, समया, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दरवाजे. ज्या वस्तू घराघरांतून मोडीत निघत होत्या, त्या केळकरांनी गावोगाव फिरून जमवल्या. पत्नी कमलाबाईंची साथ होती. (घरात रोज नवी मोडकी वस्तू येत असताना साथ देणं सोपं नव्हे!) कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणले; तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा आहे.

दुसरा गैरसमज असा, की संग्राहक सगळं कुलपात ठेवतात. तसे असतातही. केळकरांनी मात्र वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा हा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. जागेअभावी त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो, बाकीचा पेट्यांत. म्हणजे कुलूप आहेच, पण ते केळकरांनी लावलेलं नाही.