ओवीतील लय

ओवी हा श्रमाचा, गाण्याचा आणि ग्रंथलेखनाचाही छंद, म्हणजे पद्यरचनेचा प्रकार, असल्यामुळे लय म्हणजे काय, हे मराठीत तिच्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे कळते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात क्रियेनंतरच्या विश्रांतीला लय म्हटले असून तिचे द्रुत, मध्य व विलंबित असे तीन प्रकार सांगितले आहेत. लय आघातात शोधण्याची आपल्याला सवय असते, पण शार्ङ्गदेव ती दोन आघातांमधल्या थांबण्यात पाहतो, आणि ओवी समजून घ्यायला हीच व्याख्या सर्वांत उपयोगी पडते.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे, म्हणजे ग्रंथांत स्थिरावण्यापूर्वीच ती कष्टाच्या जागी नांदत होती. पहाटे दळायला बसलेली बाई खुंटा धरून जात्याची वरची तळी फिरवते, मधूनमधून जात्याच्या मुखात मूठभर वैरण, म्हणजे दळायचे धान्य, घालते आणि त्या फेऱ्यांच्या बेताने ओळ लांबवते किंवा आवरती घेते. अक्षरे कमी पडली, तर ‘गं’, ‘बाई’ अशा संबोधनांनी जागा भरून निघते. दोघी समोरासमोर बसून दळत असतील, तर त्यांचे हात जुळल्याशिवाय जाते नीट फिरत नाही. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण याच अनुभवातून आली असावी.

ग्रंथांतील ओवीतही अक्षरसंख्येचे काटेकोर बंधन नाही. ज्ञानेश्वरीची (शके १२१२, इ. स. १२९०) पहिलीच ओवी पाहावी: ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ येथे अक्षरे अनुक्रमे ६, ६, ८ आणि ४ आहेत. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, तर चौथा आखूड आणि यमकाविना सुटा आहे. तिसऱ्या चरणात लांबलेला श्वास या चौथ्या चरणावर टेकतो, आणि म्हणूनच सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ मोठ्याने वाचताना दमछाक होत नाही.

गिरण्या आल्यावर घरचे दळण थांबले आणि ओवीची रोजची जागाही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांच्या पुढाकाराने खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवण्यात आल्या. त्यांतील काही हजार ध्वनिमुद्रित आहेत, हे फार मोलाचे आहे, कारण गाणारी नेमकी कोठे थांबते हे कागदावर उतरत नाही.