तांब्याचे अस्तर आणि स्ट्राइक थर (चांदीचा मुलामा)

विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याआधी मूळ धातूवर चढवले जाणारे पातळ थर. लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात बुडवला की त्यावर तांबूस थर धरतो आणि बोटाने पुसला की निघून येतो, हे शाळेत बहुतेकांनी पाहिलेले असते. मुलाम्यातली मूळ अडचण तीच आहे. पितळी तबक चांदीच्या द्रावणात नुसते सोडले, तरी वीज सुरू होण्याआधीच त्यावर चांदी आपोआप बसू लागते, कारण तांबे आणि जस्त चांदीपेक्षा अधिक क्रियाशील. हा थर भुसभुशीत असतो. त्यावर चांदी कितीही जाड चढवा, घासताना किंवा तापवताना फोड येतात आणि पोपडे सुटतात.

यावर उपाय म्हणजे सिल्व्हर स्ट्राइक, म्हणजे चांदीचा अगदी पातळ पण घट्ट बसणारा पहिला थर. त्याच्या द्रावणात चांदी लिटरला जेमतेम २ ते ५ ग्रॅम असते, सायनाइड मात्र भरपूर. त्यामुळे चांदीचे मोकळे आयन (विद्युतभारित कण) फारच थोडे उरतात आणि ती आपोआप बसण्याचे प्रमाण खूप घटते. वस्तू वीज चालू ठेवूनच आत सोडायची, काही सेकंदांत काढायची आणि मग मुख्य टाकीत न्यायची. तिचा पृष्ठभाग आधी इतका स्वच्छ हवा की पाण्याचा पडदा कुठेही न तुटता सलग राहिला पाहिजे.

पोलाद आणि जस्ताच्या ओतीव वस्तूंना त्याआधी तांब्याचे अस्तर देतात. इथे मोरचुदाचे आम्लयुक्त द्रावण चालत नाही (पुन्हा तोच खिळा!), म्हणून पहिला थर सायनाइडयुक्त द्रावणातून घेतात. ॲल्युमिनियमवर तर आधी जस्ताचा पातळ थर, मग तांबे. वस्तू सतत तापणार असेल, तर तांबे चांदीत झिरपू नये म्हणून मध्ये निकेल घालावे.

सायनाइडच्या द्रावणातून मुलामा देण्याचे पेटंट इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन या चुलत भावांनी १८४० मध्ये घेतले. त्यामागची युक्ती जॉन राइट या शल्यचिकित्सकाची होती. त्या शतकात स्ट्राइकऐवजी वस्तू पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुचकळून काढण्याची पद्धतही होती. मुलाम्यासाठी जर्मन सिल्व्हर विशेष पसंत केले जाई. हा तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. आपल्याकडे ‘जर्मनची भांडी’ म्हणतात ती ॲल्युमिनियमची, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

सायनाइडमध्ये आम्ल मिसळल्यास प्राणघातक वायू सुटतो. म्हणून आम्लातून काढलेली वस्तू नीट धुतल्याशिवाय या टाक्यांकडे नेऊच नये.