गळदोरीतील पीळ (मऊ प्लॅस्टिक गांडुळाच्या मासेमारीत)

गळदोरीतील पीळ : रीळ आणि गळ यांच्यामधल्या दोरीला तिच्या स्वतःच्या अक्षाभोवती चढत जाणारा वळ. दोरी ताठ असेपर्यंत तो नजरेला येत नाही. ताण सुटला की दोरी सैल सोडलेल्या सुतळीसारखी स्वतःभोवतीच गुंडाळू लागते, स्पूलच्या (रीळातील दोरी गुंडाळायच्या फिरकीच्या) कडेवरून अढ्या उसळतात आणि पुढच्या फेकीला रॉडच्या पहिल्याच कडीपाशी गुंता होऊन बसतो. तळाला गळ सोडून वाट पाहणाऱ्याला हा त्रास क्वचितच होतो. आमिष पुन्हापुन्हा फेकून ओढत आणणाऱ्याला, आणि त्यातही स्पिनिंग रीळावर (म्हणजे फेकताना स्पूल स्थिर राहणाऱ्या रीळावर) मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ वापरणाऱ्याला, तो हमखास होतो. नागपूर भागात असे गांडूळ मुख्यतः मरळीसाठी वापरले जाते. गळाची नायलॉनची दोरी इथे तंगूस या नावानेच मिळते; या नोंदीत तोच शब्द वापरला आहे.

इतिहास : या पिळाचा इतिहास हा बऱ्याच अंशी स्थिर स्पूलच्या रीळाचा इतिहास आहे. स्कॉटलंडमधील पर्थ येथील पीटर मॅलॉक याने 1884 मध्ये बाजूला वळवता येणाऱ्या रीळाचे पेटंट घेतले. फेकताना स्पूल काटकोनात वळवायचे, म्हणजे दोरी स्पूलच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने सुटते. ओढताना ते परत सरळ करून साध्या रहाटासारखे गुंडाळायचे. यात एक मेख होती. टोकावरून सुटणारा प्रत्येक वेढा दोरीत एक पीळ घालतो, पण स्पूल फिरवून गुंडाळताना तो पीळ निघत नाही. त्यामुळे प्रत्येक फेकीगणिक पीळ साचत जाई. त्यावर उपाय म्हणून स्पूल उलटे बसवण्याची सोय केली गेली. उलट्या बाजूने सुटणारी दोरी उलटा पीळ घेते व आधीचा फिटतो.

ब्रॅडफर्डच्या लोकर-कताई व्यवसायातील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने 1905 मध्ये पेटंट घेतलेल्या रीळात स्पूल मुळीच फिरत नाही. दोरी उचलणारा भाग त्याच्याभोवती फिरून ती गुंडाळतो. गिरणीतील चातीवरून सूत उतरताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे बहुतेक लेखक सांगतात. काही जण मात्र मॅलॉकच्या रीळाची ती स्वाभाविक पुढची पायरी मानतात. दोन्ही मते परस्परविरोधी असलीच पाहिजेत असे नाही. तरी टोकावरून सुटणाऱ्या सुताला प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ बसतो हे कताईवाल्यांना रोजच्या कामातून ठाऊक असते, हे ध्यानात घेता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. 

प्लॅस्टिक गांडूळ त्यामानाने अलीकडचे. रबराची गांडुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत होती, पण ती कडक असत. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम व त्याची पत्नी कोस्मा यांनी 1949 मध्ये घरीच साच्यात ओतून मऊ व्हिनिल गांडूळ तयार केले. 1951 च्या सुमारास ते टपालाने विकले जाऊ लागले. पुढे साधारण 1960 च्या आसपास हा व्यवसाय टेक्सासमधील टायलर गावी गेला. गळाचे टोक गांडुळाच्या अंगात लपवून पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे सोडण्याची ‘टेक्सास’ पद्धत त्याच भागातील, बुडालेल्या झाडांनी भरलेल्या जलाशयांवर रूढ झाली. ती कोणा एकाने शोधली की एकाच गरजेतून अनेकांना सुचली याबद्दल एकवाक्यता नाही. दुसरी शक्यता अधिक संभवनीय दिसते. नायलॉनची एकेरी तंगूस 1939 पासून बाजारात आली आणि स्पिनिंग रीळ दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर पोहोचले. आज दिसणारा पिळाचा प्रश्न या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावरचा आहे.

पिळाचे गणित : ताणलेल्या दोरीचा पीळ आणि सैल दोरीची अढी ही एकाच राशीची दोन रूपे होत. दोन्ही टोके धरलेल्या दोरीत पीळ व वळसे यांची बेरीज कायम राहते. हा सिद्धांत रुमानियन गणिती जॉर्जे कलुगारेआनू याने 1961 मध्ये मांडला. जेम्स व्हाइट (1969) व ब्रॉक फुलर (1971) यांनी तो पुढे नेला, आणि डीएनएच्या वेटोळ्यांसाठी तो प्रसिद्ध झाला. गळवाल्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की ताण सोडल्याने पीळ जात नाही, तो अढीत उतरतो. टोक मोकळे सोडल्याशिवाय तो दोरीबाहेर पडत नाही.

स्पिनिंग रीळ मुळातच दोरीला पीळ घालते असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. फेकताना प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ चढतो, पण रोटर (दोरी उचलून स्पूलभोवती फिरणारा भाग) ती दोरी परत गुंडाळताना तितकाच पीळ उतरवतो. हिशेब शून्यावर येतो. तो बिघडतो तेव्हा तीन कारणे संभवतात.

पहिले, ड्रॅग, म्हणजे जोराची ओढ बसली की स्पूलला घसरून दोरी सोडू देणारी रीळातील सोय. माशाने जोर लावल्यावर ड्रॅग सुटून स्पूल फिरते. त्या वेळी दोरीत पीळ शिरत नाही. पण तीच दोरी रोटरने परत आणताना प्रत्येक फेऱ्याला एक पीळ बसतो आणि तो फेडणारे आधीचे काही नसते. 45 मिलिमीटर व्यासाच्या स्पूलचा वेढा सुमारे 14 सेंटिमीटर. मरळीने 7 मीटर दोरी ओढून नेली तर परतीला 50 च्या आसपास पीळ बसतात. ड्रॅग सुटत असताना रीळाची मूठ फिरवत राहणे याहून वाईट. 5.2 : 1 गिअरच्या रीळात मुठीच्या प्रत्येक फेऱ्यामागे पाचाहून अधिक पीळ चढतात आणि दोरी इंचभरही आत येत नाही. मासा पळत असताना मूठ धरून ठेवावी. रॉड वर उचलून मासा जवळ घ्यावा आणि रॉड खाली नेतानाच गुंडाळावे.

दुसरे, रीळ भरण्याची रीत. विकतची गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवून, लेबल वर करून टोकावरून दोरी ओढावी असे बऱ्याच माहितीपत्रकांत सांगितलेले असते. दोरीच्या मूळ वळणाची दिशा रीळाशी जुळते, हे त्यामागचे कारण. दुसरे मत गुंडाळी पेन्सिलीवर ओवून फिरती ठेवावी असे. वरील हिशेबाने पाहता फिरत्या गुंडाळीतून दोरी पिळाविना सुटते, आणि रोटरने घातलेला पीळ पुढे फेकीत फिटतो. आडव्या गुंडाळीतून मात्र प्रत्येक वेढ्याचा पीळ रीळात येऊन मुक्काम करतो. पेन्सिलीची रीत सरस ठरते. एक माणूस गुंडाळी धरायला हवा, एवढीच तिची अडचण.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण खुद्द गांडूळ.

गांडुळाचे फिरणे : गळावर किंचितही वाकडे बसलेले गांडूळ ओढताना पाण्यात गरगरते. दर 30 सेंटिमीटरला एक गिरकी मानली, तरी 15 मीटरच्या एका फेकीत 50 पीळ होतात, म्हणजे मरळीच्या वर सांगितलेल्या धावेइतके. मासा दिवसातून मोजक्या वेळा धावतो. फेकी शेकड्यांनी होतात. त्यामुळे दोष रीळाला दिला जात असला तरी तो बहुधा गळाच्या टोकाशी असतो.

टेक्सास पद्धतीत गळाचे टोक डोक्याच्या बरोबर मध्यभागी टोचून साधारण अर्धा सेंटिमीटर आत न्यावे, बाजूने बाहेर काढावे, गळाचे नेढे (दोरी बांधायचे भोक) डोक्याजवळ येईपर्यंत गळ ओढून घ्यावा आणि मग टोक अर्धा फेरा फिरवून अंगात परत शिरवावे. नेमकी चूक या शेवटच्या पायरीवर होते. टोक शेपटीकडे सरकून शिरले तर गांडूळ दोन टोचांमध्ये फुगते, डोक्याकडे सरकून शिरले तर ताणले जाऊन कमान धरते. गळ आधी गांडुळाशेजारी धरून बाकाची जागा नखाने खुणावून ठेवल्यास अंदाज चुकत नाही. साच्याच्या दोन भागांची शीव अंगावर बारीक रेघेसारखी दिसते. दोन्ही टोच त्या रेघेवर आले की गांडूळ सरळ बसते. शेपटी वळलेली असली तर ही काटेकोरी दुप्पट लागते. फेकण्यापूर्वी ते काठालगत हातभर ओढून पाहावे. गिरकी घेत असेल तर काढून पुन्हा ओवावे. दोन-चार चाव्यांनंतर डोके फाटून गांडूळ गळावर खाली सरकते. तेवढे डोके कापून नव्याने टोचणे हाच उपाय.

मधोमध गळ टोचून दोन्ही टोके लोंबती ठेवण्याच्या ‘वॅकी’ पद्धतीत गांडूळ बुडताना छान थरथरते, पण वेगाने परत ओढले की हटकून फिरते. ओढ सावकाश ठेवावी, नाहीतर स्विव्हल (दोरीच्या मध्ये बांधायची फिरती कडी) लावावे.

स्विव्हल : गांडुळाच्या 30 ते 45 सेंटिमीटर वर बांधलेले स्विव्हल पीळ अडवते. सरसकट मात्र नव्हे. दोरीचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, 0.40 मिलिमीटरची तंगूस 0.20 च्या सोळापट ताठ. बारीक तंगूस साध्या पितळी स्विव्हलला फिरवू शकत नाही आणि पीळ दोरीतच जिरतो. छऱ्यांचे, म्हणजे बॉल बेअरिंगचे स्विव्हल तिथे चालते. विणलेली दोरी मऊ असल्याने पीळ असूनही अढी उशिरा दाखवते. तो नाहीसा झाला असे समजू नये. जलपर्णी व शेवाळ असलेल्या पाण्यात स्विव्हलवर कचरा अडकतो, आणि मरळ नेमकी अशाच ठिकाणी असते. तिथे सरळ ओवलेल्या गांडुळाला पर्याय नाही.

चढलेला पीळ काढणे : गांडूळ, शिसे, स्विव्हल सगळे काढून नुसती दोरी वाहत्या पाण्यात सोडावी आणि काही मिनिटांनी ओल्या फडक्यातून ताण देत गुंडाळावी. पावसाळ्यानंतर कन्हान नदीला यासाठी पुरेशी धार असते. तलावात होडीमागे दोरी ओढत नेतात. होडी नसेल तर मोकळ्या मैदानात गवतावरून दोरी ओढत चालले तरी चालते. फेक संपल्यावर बेल (दोरी अडवणारी रीळावरची तारेची कमान) रीळाची मूठ फिरवून न मिटवता हाताने मिटवावी आणि दोरी एकदा ताणून घ्यावी. सैल वेढा स्पूलवर बसत नाही.

नागपुरी हवामान : मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. गाडीच्या डिकीत राहिलेली गांडुळे दुमडून पडली तर तशीच बसतात आणि कितीही नीट ओवली तरी फिरतात. ती गरम पाण्यात बुडवून सपाट फरशीवर सरळ ठेवली की थंड होता होता मूळ आकारावर येतात. व्हिनिलची गांडुळे आणि ताणली जाणारी टीपीई (रबरासारखे लवचीक प्लॅस्टिक) प्रकारची गांडुळे एका डबीत ठेवल्यास ती एकमेकांत विरघळून चिकट होतात. उन्हात राहिलेली तंगूस ठिसूळ होते. ती हंगामाच्या सुरुवातीला बदलावी.

या भागातील पुष्कळ तलावांचे मासेमारी हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा गळ टाकण्याआधी त्यांची परवानगी लागते. पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे.