अँटी-चीट लाँच एरर

विंडोज संगणकावर ऑनलाइन गेम सुरू करताना त्यासोबत बसवलेल्या फसवणूकविरोधी प्रणालीला, म्हणजे अँटी-चीटला, आपली प्राथमिक तपासणी पूर्ण करता आली नाही, तर गेम उघडण्याआधीच बंद होतो आणि पडद्यावर एखादा क्रमांक किंवा त्रोटक सूचना दिसते. या अडथळ्याला अँटी-चीट लाँच एरर म्हणतात. ही एरर म्हणजे खात्यावर आलेली बंदी नव्हे. बंदीची सूचना स्वतंत्रपणे येते आणि संगणक दुरुस्त करून ती उठत नाही. लाँच एरर मात्र बहुतेक वेळा अशा संगणकावर येते जिथे खेळाडूने काहीही गैर केलेले नसते. हा फरक लक्षात न आल्यामुळे अनेक जण घाबरून थेट विंडोज पुन्हा टाकतात, आणि त्याची गरज क्वचितच असते.

भिंतीपलीकडचा खेळाडू दाखवणारे किंवा आपोआप नेम धरणारे चीट प्रोग्रॅम गेमची मेमरी वाचतात. ते विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरू लागले तेव्हा अँटी-चीटलाही तिथे स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे त्या पातळीवर चालणारा छोटा प्रोग्रॅम, बसवावा लागला. मूळची फिनलंडची आणि २०१८पासून एपिक गेम्सकडे असलेली ईझी अँटी-चीट, जर्मनीची बॅटलआय आणि रायट गेम्सने २०२०मध्ये व्हॅलोरंट या गेमसोबत आणलेली व्हॅनगार्ड या त्यांतील ठळक प्रणाली होत. पहिल्या दोन प्रणालींचा ड्रायव्हर सामान्यतः गेमबरोबर सुरू होतो, तर व्हॅनगार्डचा संगणक चालू होतानाच. त्यामुळे टास्कबारच्या कोपऱ्यातील चिन्हावरून व्हॅनगार्ड बंद केले असेल, तर संगणक रीस्टार्ट केल्याशिवाय व्हॅलोरंट चालत नाही. इतर कोणताही उपाय करण्यापूर्वी एकदा रीस्टार्ट करून पाहावे, असे म्हणतात ते याच कारणाने.

सूचनेतील शब्द नीट वाचले तर निम्मे निदान तिथेच होते. ईझी अँटी-चीटच्या ३०००५ या एररसोबत ‘क्रिएटफाइल फेल्ड विथ ३२’ असे लिहून येते. यातील ३२ हा विंडोजचाच क्रमांक असून, हवी असलेली फाइल दुसऱ्या एखाद्या प्रक्रियेने धरून ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आधीच्या वेळी नीट बंद न झालेली अँटी-चीटची सर्व्हिस किंवा फाइल तपासत बसलेला अँटी-व्हायरस वाट अडवून असतो. रीस्टार्टने भागले नाही तर गेमच्या फोल्डरमधील ईझी अँटी-चीटचा सेटअप प्रोग्रॅम चालवून ‘रिपेअर’ निवडावे, आणि स्टीमवरून घेतलेल्या गेमच्या फाइली स्टीमच्याच सोयीने पडताळून घ्याव्यात. अँटी-व्हायरस कायमचा बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नये. गेमच्या फोल्डरपुरती सवलत दिली तरी पुरते.

‘अनट्रस्टेड सिस्टम फाइल’ अशी सूचना आली तर दोष गेममध्ये न शोधता विंडोजच्या फाइलींमध्ये शोधावा. एसएफसी आणि डीआयएसएम ही विंडोजची स्वतःची साधने बिघडलेल्या फाइली बदलून देतात. काटछाट करून ‘हलके’ केलेले विंडोज वापरणाऱ्यांना मात्र त्यांचा उपयोग होईलच असे नाही, कारण तिथे फाइली बिघडलेल्या नसून मुद्दाम काढलेल्या किंवा बदललेल्या असतात. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ अशी अक्षरे दिसत असतील, तर निर्मात्याची डिजिटल सही नसलेले ड्रायव्हर चालू देणारी स्थिती सुरू आहे. ती बंद करून रीस्टार्ट केल्याशिवाय बहुतेक अँटी-चीट पुढे जाऊ देत नाहीत.

सर्वांत जास्त गोंधळ फर्मवेअरच्या, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरील सॉफ्टवेअरच्या, अटींमुळे होतो. विंडोज ११वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा-चिप किंवा तिचे काम करणारी सोय) आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू लागतात. ते नसतील तर व्हॅन ९००१ किंवा व्हॅन ९००३ ही एरर येते. २०२५मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६लाही सिक्युअर बूट लागते. बायोसला, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जना, हात लावण्यापूर्वी विंडोजमधील ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’ या दोन ओळी पाहाव्यात. पहिल्या ओळीत ‘लेगसी’ असेल, तर डिस्क बहुधा जुन्या एमबीआर मांडणीची आहे. ती तशीच ठेवून बायोसमध्ये यूईएफआय ही नवी पद्धत निवडली तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी, मग एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्कची मांडणी बदलावी आणि त्यानंतरच बायोसकडे वळावे. तिथे टीपीएम त्याच नावाने सापडेलच असे नाही: इंटेलच्या संगणकांत ते पीटीटी, तर एएमडीच्या संगणकांत एफटीपीएम या नावाने असते. काही मदरबोर्डांवर सिक्युअर बूट ‘एनेबल्ड’ दिसते, पण त्याखाली ‘नॉट ॲक्टिव्ह’ असे लिहिलेले असते. सह्या तपासण्यासाठी लागणाऱ्या कारखान्यातील मूळ डिजिटल किल्ल्या भरलेल्या नसल्याची ती खूण असून, त्या पूर्ववत करण्याचा पर्याय त्याच पानावर मिळतो.

यातला खरा धोका बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, आहे. डिस्क कूटबद्ध असेल तर फर्मवेअरमधील बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती हाताशी नसेल तर सगळा विदा अडकून पडतो. अनेक नव्या लॅपटॉपांमध्ये हे कूटबद्धीकरण मालकाच्या नकळत चालू असते. त्यामुळे ती की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधी उतरवून घ्यावी आणि बदलापुरते बिटलॉकर स्थगित करावे. गेम कंपन्यांच्या सूचनांत ही ताकीद सगळ्यात वर असायला हवी.

लिनक्सवर यांपैकी कोणताही उपाय लागू पडेलच असे नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय तिथे चालू शकतात, पण परवानगी देणे प्रत्येक गेमच्या निर्मात्याच्या हाती असते. एपेक्स लेजंड्सने २०२४मध्ये ती काढून घेतली. व्हॅनगार्ड लिनक्सवर चालतच नाही.