सीपीएल आणि एनडी: दिसायला सारख्या काचा, किनाऱ्यावरची कामं वेगळी

सीपीएल म्हणजे सर्क्युलर पोलरायझर: कॅमेऱ्याच्या लेन्ससमोर लावायची, ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवणारी काच. तो आणि एनडी (न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे फक्त प्रकाश कमी करणारा) फिल्टर शेजारी ठेवले तर दोन्ही काळपट काचाच दिसतात. त्यात व्हेरिएबल एनडीची (याचा काळपटपणा कमीजास्त करता येतो) कडाही पोलरायझरसारखी फिरते, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. साधा एनडी ओळखायला लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन लावा आणि काच लेन्सवर बसते त्याच बाजूने डोळ्यासमोर धरून, तिच्यातून पाहत ती फिरवा. पोलरायझर असेल तर स्क्रीन काळा पडून पुन्हा उजळतो. एनडी कितीही फिरवला तरी काळोख तेवढाच राहतो.

एनडी सगळाच प्रकाश सारखा कमी करतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून 3 स्टॉपचा एनडी प्रकाश 8 पट कमी करतो, 6 स्टॉपचा 64 पट, 10 स्टॉपचा सुमारे 1000 पट. 1/60 सेकंदाचं एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) 10 स्टॉपच्या काचेमागे 17 सेकंदांचं होतं. एनडी नसला की बरेच जण एफ/22 वर, म्हणजे लेन्सच्या अगदी लहान छिद्रावर, जातात. लाटा मऊ होतात खऱ्या, पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, कातळाचा पोतही मऊ होतो. एफ/8 ते एफ/11 वर राहून काच लावणं केव्हाही चांगलं. 30 सेकंदांत समुद्राचं धुकं होतं, ते मला फारसं रुचत नाही. लाट मागे सरताना अर्धा ते एक सेकंद दिला, तर खडकांमधून फेसाच्या रेषा उमटतात आणि नजर त्यांच्यामागून चौकटीत आत जाते. संध्याकाळी त्यासाठी 3 स्टॉपही पुरतात.

पोलरायझर मात्र निवडक आहे. आकाश तो सूर्यापासून 90 अंशांवर सर्वाधिक गडद करतो. तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा काटकोनात ताणा, मनगट फिरवा. अंगठा दाखवेल तिथे परिणाम सर्वाधिक. आता कोकणचा विचार करा. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यामागचा सूर्यास्त टिपताना सूर्य थेट समोर असतो, तिथे आकाशासाठी पोलरायझर जवळजवळ निरुपयोगी. सकाळी समुद्राकडे पाहिलं तर सूर्य पाठीमागे, तेव्हाही तेच. वळून किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे पाहा: पुळण, सुरूची रांग आणि गडद निळं आकाश एकाच चौकटीत येतं. लेन्स फार वाइड (रुंद दृश्य टिपणारी) असेल, तर आकाशाचा एकच पट्टा गडद होऊन चित्र बिघडतं, हेही लक्षात असू द्या.

पोलरायझरचं मोठं काम खाली, पाण्यावर आहे. पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांच्या कोनातून पाहिलं तर पाण्यावरची चकाकी जवळपास पुसली जाते. हरिहरेश्वरच्या ओल्या खडकांवरचा पांढुरक्या तकाकीचा थर गेला की दगडाचा खरा रंग आणि लाटांनी कोरलेली छिद्रं दिसतात. मात्र ओल्या वाळूत सूर्यास्ताचे रंग उतरले असतील तर तो काढून ठेवा. तीही चकाकीच आहे, आणि ती तुम्हाला हवी आहे.

एकच घ्यायचा असेल तर आधी पोलरायझर घ्या. लांब एक्स्पोजरचा परिणाम ट्रायपॉडवरून काढलेल्या अनेक फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून बऱ्यापैकी साधतो. चकाकीखाली हरवलेला दगडाचा रंग मात्र फाइलमध्ये नोंदलेलाच नसतो. शिवाय पोलरायझर स्वतःच दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, त्यामुळे ढगाळ संध्याकाळी छोट्या एनडीचंही काम भागतं. दोन्ही एकावर एक चढवलेत तर वाइड लेन्सचे कोपरे काळे पडले नाहीत ना, हे आधी तपासा.